दैवाचा नंबर पाचवा

मी जॉबर, म्हणजे माग जुळवून नीट चालते ठेवणारा. सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागांवर काम. माल सेकंड, म्हणजे डागी निघाला की पोरांचं उत्तर ठरलेलं: ‘नशीबच फुटकं बे, काय करणार!’ मग मी त्यांना गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक सांगतो. काम घडण्याची पाच कारणं त्यात दिलीत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं. तेव्हा हिशेब पहिल्यापासून लावायचा.

अधिष्ठान म्हणजे खरं तर शरीर. मी त्यात जागाही धरतो. आपल्याकडे एप्रिल-मेत हवा कोरडी ठाक, सूत पटापट तुटतं. हे ठाऊक असताना शेडमध्ये ओलावा ठेवला होता का? झोप झाली होती का?

कर्त्यापाशी सगळे अडखळतात. ‘दोरा तुटला’ असं वहीत लिहू नका. ‘तुटलेला दोरा मला दिसला, तरी मी माग थांबवला नाही’ असं लिहा. ‘मी’ लिहिताना हात जड होतो, होऊ दे. करण म्हणजे साधनं; त्यात फणी, धोटा, बीम तपासा. चेष्टा म्हणजे इथे थट्टा नव्हे, हालचाल, कृती; त्यात बघा, पाळी बदलताना पुढच्याला काय सांगितलं आणि काय गिळलं.

आपली चूक सापडली की खराब नग वेगळा काढून मालकाला आधी आपणच सांगायचं. तपासणीत सापडेपर्यंत थांबलात तर कबुलीला किंमत नाही. सिद्धेश्वराला नारळ त्यानंतर. बाराव्या शतकातले ते सिद्धरामेश्वर म्हणजे तळं खोदवून घेणारे, कायक म्हणजे श्रम हीच पूजा मानणाऱ्या शरणांतले, बसवेश्वरांच्या पंथातले. नारळ देऊन काम चुकवणारा त्यांना कसा पटावा?

एक पथ्य मात्र कडक पाळा. हा हिशेब फक्त स्वतःला लावायचा. तंबाखूच्या धुळीत विड्या वळणारी शेजारीण खोकते, तेव्हा ‘मागच्या जन्मीचं’ म्हणणाऱ्याची मला चीड येते. तिचं संचित तुम्ही वाचलंय का? संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं आता भोगायला आलेलं, क्रियमाण म्हणजे आत्ता करतोय ते; यांतलं क्रियमाण तेवढं हातात असतं, आणि तेही आपापलं. तिला दवाखान्यात नेणं हे तुमचं क्रियमाण.

चारही खाती कोरी निघाली, तर खुशाल पाचव्यावर टाका. वीज गेली, माग मध्येच थांबला, त्यात तुमचा दोष नाही. पण वीज आल्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, न बघता माग सुरू केला आणि कापडात पट्टी पडली, तर परत दुसऱ्या नंबरवर या.