मानसशास्त्राचं पहिलं वर्ष: फ्रॉइडच्या आधी बेडूक

मानसशास्त्र घेणाऱ्या बहुतेकांना फ्रॉइड हवा असतो. स्वप्नांचे अर्थ हवे असतात, समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल अशी एक छुपी आशा असते. हाती पडतं ते जाडजूड पाठ्यपुस्तक. सुरुवातीला व्याख्या आणि विचारप्रवाह, मग संशोधन पद्धती, मग मज्जासंस्था. पहिलं प्रकरण कसंबसं वाचून होतं, पुढची दोन बाजूला पडतात आणि गाडी थेट स्मृती नाहीतर व्यक्तिमत्त्वावर जाते. वगळलेल्या प्रकरणांची आठवण परीक्षेच्या आदल्या रात्री येते, तीही टिपांपुरती.

बी.ए., एम.ए. करून मी आता काही वर्षं याच विषयाच्या पहिल्या वर्षाला शिकवते आहे. नव्याने येणाऱ्यांना मी सांगते ते असं: तीच दोन प्रकरणं आधी घ्या, आणि एकत्र घ्या. वाचताना प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारत राहा: हे कशाच्या तुलनेत? पुढच्या सगळ्या प्रकरणांना हा प्रश्न पुरतो.

एकत्र का, तर या विषयाचा जन्मच तसा झाला आहे. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजताच येणार नाही, असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते. योहानेस म्युलर त्यांच्यापैकीच. त्यांचाच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. तंतूला एकदा स्नायूच्या जवळ विजेचा हलका झटका दिला, एकदा लांब. दोन्ही वेळा स्नायू आकसायला लागलेला वेळ मोजला. लांबच्या झटक्याला किंचित जास्त वेळ लागला. दोन जागांमधलं अंतर भागिले वेळेतला फरक, उत्तर आलं सेकंदाला साधारण २७ मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. महामार्गावरची गाडीही एवढ्या वेगाने जाते.

यातली खरी गंमत वजाबाकीत आहे. स्नायूला स्वतःला आकसायला जो वेळ लागतो तो दोन्ही मापनांत सारखाच असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो आणि उरतो तो निव्वळ तंतूतल्या प्रवासाचा वेळ. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात 'नियंत्रण' या शब्दाखाली अर्धं पान जे लिहिलेलं असतं, ते हेच. पुढे याच हेल्महोल्ट्झकडे हायडेलबर्गला विल्हेल्म वुंट नावाचा तरुण साहाय्यक होता. त्यानेच १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. हे साल आपण सगळेच एका गुणासाठी पाठ करतो.

हा प्रयोग बेडकाशिवाय वर्गात करता येतो, आणि मी तो दर वर्षी करून घेते. वीसेक मुलं एका ओळीत उभी करायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. आपला खांदा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. शेवटच्याने हात वर केला की स्टॉपवॉच बंद. दुसऱ्या फेरीत खाली बसून पुढच्याचा घोटा धरायचा. घोट्यापासून मेंदूपर्यंतचा रस्ता खांद्यापेक्षा साधारण एक मीटरने लांब, म्हणजे वीस जणांत मिळून संदेशाला वीस मीटर जास्त चालावं लागतं. वेग सेकंदाला पन्नास मीटर धरला तर फरक ०.४ सेकंद. साध्या मोबाइलवर तो पकडता येतो, मात्र एका फेरीत नाही. पुन:पुन्हा करून सरासरी काढावी लागते.

आणि मग वर्गातलं कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, आपण दर वेळी आधी खांदा आणि मग घोटा करतोय. तोपर्यंत सगळ्यांचा हात बसलेला असतो ना?" हा प्रश्न आला की माझा तास वसूल. सरावाने वेळ कमी होते आणि घोट्याचा आकडा उगाच चांगला दिसतो. उपाय असा की निम्म्या वेळा घोटा आधी घ्यायचा. चल म्हणजे बदलणारी गोष्ट: जागा आपण बदलतो म्हणून ती स्वतंत्र चल, तिच्यामुळे बदलणारी आणि आपण मोजतो ती वेळ हा अवलंबी चल, आणि सराव हा मध्येच घुसलेला आगंतुक चल. या व्याख्या पाठ करून दोन दिवसांत विसरणारी मुलं त्या ओळीत उभी राहिल्यावर विसरत नाहीत.

मज्जापेशीबद्दल दोन गोष्टी. आकृती काढायला शिका, पण ती काढताना संदेश कुठून कुठे चाललाय हे बोटाने गिरवत जा: वृक्षिका (संदेश घेणाऱ्या फांद्या), पेशीकाय (पेशीचा मुख्य भाग), अक्षतंतू (संदेश पुढे नेणारा लांब धागा), टोकं. शांत असताना पेशीच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. (पाहा, इथेही 'तुलनेत' आहेच, विद्युतदाब एकट्याचा नसतोच.) उद्दीपन एका मर्यादेपलीकडे गेलं की सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही लाट अक्षतंतूवरून पुढे सरकते. हे गणितासकट मांडलं हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये, तेही स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर काम करून. इतका जाड की त्यात इलेक्ट्रोड घालता आला. लाट आली तर पूर्ण येते, नाहीतर येतच नाही. मग जोराचा धक्का आणि हलका स्पर्श यांत फरक कसा कळतो? लाटा किती पटापट येतात आणि किती पेशी कामाला लागतात, त्यावरून. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच.

दुसरी गोष्ट वेगाची. सगळे तंतू सारख्या वेगाचे नसतात. ज्यांच्यावर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असतं ते वेगवान; स्पर्शाचे तंतू सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातात. आवरण नसलेले, बारीक, ठसठशीत दुखणं नेणारे तंतू सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. पलंगाच्या पायाला करंगळी आपटली की आधी 'लागलं' हे कळतं, मग एक तीव्र कळ येते, आणि क्षणभराने ती खोल ठसठस सुरू होते. पुढच्या वेळी आपटली की लक्ष देऊन बघा. शिव्या नंतर द्या.

दोन पेशींमधल्या फटीतून संदेश कसा जातो, विजेने की रसायनाने, यावर बराच काळ वाद होता. ओटो लोएवीने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका सुटसुटीत आहे की तो गोष्टीसारखा लक्षात राहतो. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही धडधडती. एकाला व्हेगस, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारा मज्जातंतू, जोडलेला, दुसऱ्याला नाही. पहिल्याचा व्हेगस उद्दीपित केला, ठोके मंदावले. मग पहिल्याभोवतीचा द्रव काढून दुसऱ्यावर सोडला, तर तेही मंदावलं. दुसऱ्याला तंतूच नव्हता, म्हणजे जे काही गेलं ते द्रवातून गेलं. ही कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली, रात्री उठून लिहून ठेवली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, असं लोएवी सांगत असे. स्वप्नांसाठी मानसशास्त्र घेतलेल्यांची तेवढीच सोय.

मेंदूच्या भागांची यादी पाठ करणं हा मात्र खरोखर कंटाळवाणा प्रकार आहे. प्रत्येक भागाला एक माणूस किंवा एक प्रयोग जोडलात तर तो सुसह्य होतो. माझं आवडतं उदाहरण आपल्याच प्रात्यक्षिकाच्या खोलीतलं आहे. 'मिरर ड्रॉइंग'चं लाकडी उपकरण बहुतेक कॉलेजांत असतं, कपाटात धूळ खात का असेना. समोर आरसा, हातावर आडोसा, आणि आरशात बघत चांदणी गिरवायची. पहिल्यांदा कोपऱ्यावर पोहोचलं की हात गोठतो. वर न्यायचा म्हटलं की खाली जातो, मुलं ओठ चावतात, हसतात, पेन्सिल रेषेबाहेर भरकटते. पाचसहा खेपांनंतर चुका भराभर कमी होतात. आपण वेळ आणि चुका तक्त्यात भरतो, आलेख काढतो, जर्नलवर सही घेतो आणि विसरतो.

हीच चांदणी मॉन्ट्रिअलच्या ब्रेंडा मिलनर यांनी हेन्री मोलेसन या रुग्णाला गिरवायला दिली होती. शोधनिबंधांत त्याचं नाव नुसतं एच. एम. मिरगी थांबावी म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या आतल्या भागाचा बराचसा हिस्सा काढून टाकला होता. त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. भेटलेला माणूस, झालेलं बोलणं, सगळं थोड्या वेळात पुसलं जाई. पण चांदणी? रोज त्याचा हात सुधारत गेला. आणि रोज त्याच्या दृष्टीने तो हे काम पहिल्यांदाच करत होता. प्रसंगांची आठवण आणि हाताचं कसब मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतं, हे यावरून दिसलं. हे ऐकल्यावर मुलं आपला आलेख पुन्हा उघडून बघतात.

फिनियस गेजची गोष्ट त्या मानाने जपून वाचा. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर सुरुंगाची पहार त्याच्या गालातून घुसून डोक्यातून आरपार गेली, आणि तो वाचला. पुस्तकं पुढे लिहितात की तो कायमचा शिवराळ, बेभरवशाचा झाला. पण अपघाताआधी त्याची कोणी चाचणी घेतली नव्हती, आणि नंतर तो चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम करत होता. अनेक घोड्यांचे लगाम, प्रवासी, वेळापत्रक. बेभरवशाच्या माणसाचं हे काम नव्हे. तुलना करायला 'आधी'चं मापनच नसेल तर एका माणसाच्या गोष्टीवर किती इमला बांधायचा?

आता प्रकल्प. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात एकच आराखडा तयार असतो: गूगल फॉर्म, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर 'प्लीज फिल' असा निरोप, दीडदोनशे उत्तरं, आणि शीर्षक 'भारतीय तरुणाईवर मोबाइलचा परिणाम'. यात भारतीय तरुणाई कुठे आहे? तुमच्या वर्गमित्रांचे वर्गमित्र आहेत. आणि 'परिणाम' तर कुठेच नाही. मोबाइल जास्त वापरणाऱ्यांची झोप कमी निघाली, तर मोबाइलने झोप उडवली, की झोप येत नाही म्हणून हातात मोबाइल, की परीक्षेच्या ताणाने दोन्ही? सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात एवढंच, तिन्हींना सारखाच लागू. शीर्षकात 'संबंध' लिहा, कोणाचे नमुने घेतले ते स्पष्ट लिहा, आणि निष्कर्ष आखूड ठेवा. परीक्षक खूश होतात.

ही खोड विद्यार्थ्यांपुरती नाही. हेन्रिक, हाइना आणि नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की मानसशास्त्रातलं पुष्कळसं ज्ञान पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन देशांतल्या लोकांवर, त्यातही कॉलेजातल्या मुलांवर आधारलेलं आहे. २०१५ मध्ये तर संशोधकांच्या एका मोठ्या गटाने छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा, होता, पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत आला. हे ऐकून काही जण 'म्हणजे सगळं थोतांडच' म्हणून मोकळे होतात. मला उलट वाटतं. स्वतःची झडती अशी चारचौघांत घेणारा विषय मला जास्त विश्वासाचा वाटतो. फक्त एखादा 'प्रसिद्ध प्रयोग' वाचला की तो पुन्हा कोणी केला का, हे बघायची सवय लावून घ्या.

संख्याशास्त्राला घाबरून विषय सोडणारी मुलं दर वर्षी दिसतात. कला शाखेत गणितापासून सुटका म्हणून आलेल्यांसमोर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, येऊन उभं राहतं. त्याला एकच औषध, आकडेमोड स्वतःच्या आकड्यांवर करायची. घोटा-खांदा फेऱ्यांच्या वेळा घ्या, सरासरी काढा, प्रत्येक वेळ सरासरीपासून किती लांब पडते ते बघा. दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारी टी-चाचणी पुढे याच दोन गोष्टींवर उभी आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी उत्तरं खुशाल मराठीत लिहावीत, मात्र वहीत प्रत्येक संज्ञा इंग्रजीतूनही लिहून ठेवावी. एम.ए.च्या प्रवेश परीक्षा आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा यांना ती लागतेच.

शेवटी पाटीबद्दल, कारण पालक पहिल्या दिवशी तेच विचारतात. बी.ए. झाल्यावर समुपदेशक म्हणून पाटी लावायची घाई करू नका. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषधं लिहून देणारे, आधी एम.बी.बी.एस. आणि मग त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. आपल्या शाखेतून तिकडे रस्ता नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर एम.ए. नंतरही रुग्णालयात देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि सरकारमान्य नोंदणी लागते. शिवाय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राच्या पदव्या दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन द्यायला मनाई केली आहे. 'घरबसल्या समुपदेशनाचा डिप्लोमा' अशा जाहिराती रोज येतात. फी भरायच्या आधी त्या संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा: मान्यता कोणाची, प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास, आणि देखरेख करणाऱ्याची स्वतःची पात्रता काय. उत्तर टाळलं तर पैसे खिशातच ठेवा.