विमानात गुडघे मावतील का? सीट निवडण्याआधी टेप घ्या

‘सीट पिच २९ इंच’ याचा अर्थ गुडघ्यांपुढे २९ इंच मोकळे, असा नाही. पिच म्हणजे एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. त्यात सीटच्या पाठीची जाडीही आली. त्यामुळे पातळ पाठीच्या नव्या सीटवर २९ इंचांतही जुन्या जाड सीटच्या ३० इंचांइतकी जागा मिळू शकते. गादी मात्र पातळ असते, आणि लांबच्या प्रवासात ते जाणवतं.

घरी भिंतीला कंबर घट्ट टेकवून स्टुलावर बसा. गुडघ्यांना एक पुस्तक उभं लावा आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत मोजा. समजा २४ इंच भरले. पुढच्या सीटच्या पाठीचे गुडघ्याच्या उंचीवर अंदाजे २-३ इंच धरले, तर २८ इंच पिचमध्ये उरतात जेमतेम एक-दोन इंच. तेही ताठ बसलात तर. कंबर पुढे घसरली की गुडघे टेकलेच. समोरच्या खिशात पाण्याची बाटली खोचू नका, ती नेमकी तिथलीच जागा खाते.

जास्तीचे पैसे भरायचे असतील तर आपत्कालीन दाराजवळच्या रांगेसाठी भरा. एअरबस ए३२० मध्ये पंखांवरच्या दारांपाशी सहसा अशा दोन रांगा असतात. त्यातली मागची घ्या. पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही, कारण झुकली तर मागच्या रांगेतून दाराकडे जायची वाट अडते. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि दार उघडायला मदत करू न शकणारे प्रवासी यांना इथे बसवत नाहीत. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी पायाशी बॅगही चालत नाही.

पहिली रांग दिसते तितकी ऐसपैस नसते. गुडघ्यांना जागा असते, पण समोर भिंत असल्याने पाय सीटखाली सरकवता येत नाहीत. ट्रे हाताच्या दांडीत बसवलेला असतो, म्हणून ती दांडी वर होत नाही आणि सीटही किंचित अरुंद लागते. धिप्पाड माणसाने हे आधी पाहावं.

मुंबईहून लंडनसारख्या लांबच्या प्रवासाला आईल सीट (मधल्या वाटेलगतची) बरी: उठताना कुणाला उठवावं लागत नाही. मोठी बॅग वर ठेवा. समोरच्या सीटखालची जागा पायांसाठी मोकळी राहू द्या. तिथे स्क्रीनची पेटी बसवलेली असेल तर एका पायाची जागा गेलीच, म्हणून सीटचा नकाशा आधी बघा.