ऑनलाइन वाचन चाचणी घेताय? लाल-हिरव्या अहवालावर विसंबण्याआधी या चुका टाळा

आमची शाळा विट्याच्या पलीकडे, खानापूर तालुक्यात. दोनशिक्षकी. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. मागच्या नोव्हेंबरात एका ॲपवर मुलांची वाचन चाचणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी रंगीत अहवाल हातात आला. काही मुलं हिरवी, काही पिवळी, काही लाल. बघायला झकास. फक्त त्यात एक मुलगी हिरवी होती जिला वाचलेलं कळत नव्हतं, आणि एक मुलगा लाल होता ज्याला सगळं कळत होतं. मी रंग बघून गट पाडले आणि पंधरा दिवस दोघांनाही नको ते शिकवत बसले. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

एका आकड्यावरून मूल पक्कं-कच्चं ठरवणं

त्या मुलीचे आईवडील गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूत. आमच्याकडं यात नवल नाही. विटा, आटपाडी, तासगाव, तिकडं माण-खटाव, या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामापायी देशभर पांगलेली आहेत. पोरगी आजीजवळ राहायला आली. तिकडच्या शाळेत हिंदी होतं, त्यामुळं देवनागरी पाठ. मिनिटाला ७० शब्द धडाधडा वाचायची. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीच्या मुलाकडून मिनिटाला किमान ६० शब्दांची अपेक्षा आहे, म्हणजे ही पोरगी पारच पुढं. उतारा होता हरवलेल्या शेळीचा. मी विचारलं, शेळी कुठं सापडली? म्हणाली, "बांधावर." बरोबर. मग सहज विचारलं, "बांध म्हणजे काय गं?" ती जरा थांबली. "बाई, ते बांधायचं असतं."

वाक्यातला शब्द उचलून उत्तर द्यायला तिला जमत होतं. बांध, शिवार, दावं, कासरा हे शब्द तिनं कधी ऐकलेलेच नव्हते.

मुलगा बीडकडच्या ऊसतोड टोळीतला. दिवाळीनंतर आला. मिनिटाला १८ शब्द, तेही अडखळत, आणि जोडाक्षर दिसलं की गाडी थांबलीच. तशाच एका शेळीची दुसरी गोष्ट मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली आणि तोंडी प्रश्न विचारले. एकही उत्तर चुकलं नाही. वर मलाच विचारतो, "बाई, ती शेळी गाभण व्हती का? गाभण असली तर लई लांब जात न्हाई."

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचलेलं समजणं म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. इथं बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्याकडं गेली की दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्याकडंच जातं. माझ्या वर्गात दोन वेगवेगळ्या बाजू अडलेली दोन मुलं होती. ॲपनं दोघांचा फक्त वेग मोजला आणि एकाला लाल, एकीला हिरवं करून टाकलं.

म्हणून चाचणी झाली की एवढं करा. चाचणीतल्या उताऱ्याच्याच तोडीचा दुसरा उतारा घ्या, तो मुलाला स्वतः वाचून दाखवा आणि प्रश्न तोंडी विचारा. ऐकून उत्तरं आली तर अडचण अक्षरांच्या उकलीत आहे. ऐकूनही येत नसतील तर भाषेत, शब्दांत, विषयाच्या ओळखीत आहे. एका मुलाला पाच ते सात मिनिटं लागतात. सगळ्यांचं करायची गरज नाही, लाल आणि संशयास्पद हिरवे एवढेच घ्या.

उपायही मग वेगळे पडतात. मुलाला मी रोज पंधरा मिनिटं जोडाक्षरांचे शब्द दिले, एकाच जातीचे एकत्र: पत्रा, चित्र, रात्र, मग कुत्रा, मग सत्र. आणि एकच छोटा उतारा तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचायला लावला. मुलीला वाचनाचा सराव दिलाच नाही. तिला आजीबरोबर शेतात पाठवलं आणि सांगितलं, रोज तीन नवे शब्द घेऊन यायचे. पहिल्या दिवशी पाचट, पेंड आणि "बुजगावनं" घेऊन आली.

ॲपच्या कानावर भरवसा

मुलाचं वाचन ऐकून गुण देणारी ॲप्स आता मराठीतही आहेत आणि सरावाला ती खरंच चांगली. पण यंत्र जे चूक म्हणतं ते सगळं चूक नसतं.

आमच्याकडं पोरं 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणतात, 'लोणी'ला 'लोनी'. घरात तसंच बोलतात. अक्षर ओळखलंय, अर्थ कळलाय, उच्चार गावचा आहे. ही वाचनाची चूक नव्हे. प्रमाण उच्चार शिकवायचा तर तो वेगळा शिकवा, वाचनाच्या खात्यात टाकू नका. तसंच 'च'चं. 'चार'मधला च वेगळा आणि 'चारा'मधला वेगळा, लिहिताना अक्षर एकच. मूल इथं चुकलं तर बहुतेक वेळा त्याला तो शब्द ओळखीचा नसतो. तशी खूण करून ठेवा, ती पुढं शब्दसंपत्तीकडं बोट दाखवते.

बरोबर वाचलेलंही ॲप लाल करत असेल तर आधी हे तपासा:

- मायक्रोफोनची परवानगी दिली आहे का, आणि फोनच्या कव्हरनं माइकचं भोक झाकलंय का.
- फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आहे का.
- पंखा बंद, खिडकी बंद. शेजारच्या वर्गात पाढे चालू असतील तर चाचणी घेऊच नका.
- तरी जमत नसेल तर तोच उतारा तुम्ही स्वतः वाचा.

शेवटची युक्ती मला उशिरा सुचली. मी वाचलं तर ॲपनं मला ९२ टक्के अचूकता दिली. वीस वर्षं मराठी शिकवतेय मी! त्या दिवसापासून मुलांचे आकडे मी त्या हिशेबानं बघते. वेग हातानं काढणंही सोपं आहे: बरोबर वाचलेले शब्द भागिले लागलेले सेकंद, गुणिले ६०. उतारा ५२ शब्दांचा, ४ चुका, ६८ सेकंद लागले, तर ४८ भागिले ६८ गुणिले ६०, म्हणजे साधारण ४२. वही, पेन आणि फोनचं घड्याळ बस्स.

स्क्रीनवरचं अक्षर मुलाच्या ओळखीचं आहे का, हे न बघणं

बालभारतीच्या पुस्तकात मूल 'विद्‌यार्थी' असं द चा पाय मोडून वाचायला शिकतं. ॲपवर येतं 'विद्यार्थी', द आणि य एकात एक गुंतलेले. चौथीतली चांगली वाचणारी मुलंसुद्धा तिथं थबकतात. 'शुद्‌ध' आणि 'शुद्ध'चं तेच. ल आणि श यांचं तर विचारू नका. फळ्यावर आपण मराठी वळणाचे काढतो, फोनवर बऱ्याचदा हिंदी वळणाचे उमटतात. चाचणीआधी दोन मिनिटं ही अक्षरं स्क्रीनवरच दाखवून घ्या. घ-ध, भ-म, थ-य यांतली गल्लत मात्र लहान फोनवर खरी की स्क्रीनमुळं, हे ओळखायला तेच शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वाचायला द्या. कागदावर गल्लत गेली तर मूल सुटलं. कागदही डोळ्याजवळ घेत असेल तर डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना त्या मुलाचं नाव आठवणीनं द्या.

इंग्रजीची फूटपट्टी मराठीला लावणं

हे सातारा-सांगली शहरात जास्त बघते. पालक इंटरनेटवरून इंग्रजी वाचनाचे तक्ते काढतात, या इयत्तेला मिनिटाला इतके शब्द, आणि मुलाचं मराठी वाचन त्यात बसवतात. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला आठ शब्द लागतात. आपले शब्द प्रत्यय पोटात घेऊन चालतात, म्हणून लांब असतात. मराठीत ४५ शब्द वाचणारं मूल इंग्रजी तक्त्यात उगाच मागं दिसतं.

पर्याय निवडले म्हणजे समजलं असं धरणं

दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. काहीही न वाचता नुसतं बोट लावत गेलं तरी सरासरी अडीच बरोबर येतात. आणि अशा आंधळ्या बोटावर चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण २२ टक्के आहे, म्हणजे पाचातल्या एका मुलाहून थोडी जास्तच. त्यामुळं दहापैकी चार हा 'थोडं समजतंय'चा पुरावा नव्हे. दोन उत्तरं निवडून मुलाला विचारा, "हे कुठं लिहिलंय, बोट ठेव बघू." लगेच उलगडा होतो.

घरून घेतलेल्या चाचणीवर तर मी गट पाडतच नाही. एका मुलाचे घरी दहापैकी दहा, शाळेत तीन. मोठी ताई शेजारी बसली होती, दुसरं काही नाही. आईचं म्हणणं होतं, "मॅडम, अडलं तर सांगायला नको व्हय?" चुकलं तिचं काहीच नाही, कुणी तिला सांगितलंच नव्हतं की इथं मदत करायची नसते. घरी चाचणी देणारच असाल तर हे एक वाक्य आधी सांगा. आणि वेळही बघून द्या. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवतं. तिथल्या मुलाला सातची लिंक पाठवणारा शिक्षक गावाचा शत्रूच ठरायचा.

अहवाल विचित्र दिसला तरी तसाच फाइलला लावणं

हुशार मूल एकदम तळाला दिसलं तर मुलाकडं नंतर बघा, आधी यंत्राकडं. काही चाचण्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करतात. सुरुवातीलाच दोन-तीनदा चुकून बोट लागलं की मूल सोप्या प्रश्नांच्या गाळात जातं आणि लहान चाचणीत वर यायला वेळच उरत नाही. प्रश्नागणिक किती सेकंद लागले ते दिसत असेल तर बघा. तीन सेकंदांत दिलेलं उत्तर म्हणजे उतारा वाचलेलाच नाही. एका फोनवर चार मुलं बसवली तर खाती अदलाबदल होतात. माझ्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली आहेत, महिनाभर एकीची प्रगती दुसरीच्या नावावर चढत होती. मध्येच फोन आला, रेंज गेली, बॅटरी संपली, तर ती चाचणी रद्द धरा.

लाल रंग पालकांसमोर ठेवणं

हे सांगताना अजून वाईट वाटतं. पालक सभेत मी सगळ्यांचे रंग भिंतीवर दाखवले. पारदर्शकता वगैरे डोक्यात होतं. एका मुलाचा बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरानं वर्गात मोठ्यानं वाचणं बंद केलं. हाक मारली की पुस्तक तोंडापुढं धरायचा. नंतर शेजारच्या पोरीनं सांगितलं, घरात त्याला 'ढ' म्हणून हाका मारतात. त्याला परत आवाज फुटायला फेब्रुवारी उजाडला.

आता मी रंग दाखवत नाही. एकेका पालकाला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगते: काय येतंय, आणि घरी काय करा. "शब्द नीट वाचतोय. जोडाक्षरं अडतात. रोज रात्री पाच ओळी त्याच्याकडून वाचून घ्या, मध्ये टोकू नका." व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायची तर गोष्टच नको.

अहवालात 'डिस्लेक्सियाची शक्यता' असं काही आलं तर तो शब्द पालकांपर्यंत नेऊ नका. अध्ययन अक्षमता ऑनलाइन चाचणीनं ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दिव्यांगता धरलेली आहे आणि तिचं प्रमाणपत्र तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच मिळतं. आधी डोळे, कान आणि मागच्या वर्षीची हजेरी बघा. तीन-चार महिने नेमका सराव देऊनही मूल हलत नसेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला, आपल्या नोंदी घेऊन.

आठवड्याला परत चाचणी

तोच उतारा परत आला की मूल वाचत नाही, आठवतं. सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवा, उतारा बदला, जागा आणि वेळ मात्र तीच ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, आणि त्या ऊसतोड मुलाची टोळी गावी निघाली. ॲपवरचं त्याचं खातं आमच्या शाळेचं, ते त्याच्याबरोबर जाणार नव्हतं. स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड देतात, त्याला मी वहीचं अर्धं पान टाचलं. त्यावर लिहिलं: मिनिटाला ३९ शब्द वाचतो. साधी जोडाक्षरं येतात, रफार अजून अडतो. ऐकलेली गोष्ट पूर्ण समजते, प्रश्न चांगले विचारतो. शेळ्यांवरची गोष्ट दिली तर जास्त वाचतो.