वर्गाची वही लिहिताय? या चुका टाळा

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मराठी शाळांत भाषा शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी एकदा तरी वर्गाची वही सुरू केली आहे. जूनमध्ये, सेतुबंध, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, चालू असताना. नवी दोनशे पानी वही, पहिल्या पानावर श्री, त्याखाली तारीख, अक्षर मोत्यासारखं. जुलैचा पाऊस लागला की वही कपाटात जाते आणि पुढच्या जूनला उरलेली पानं कच्च्या हिशोबाला लागतात. माझ्या अशा तीन वह्या वाया गेल्या. चौथी टिकली, म्हणून हे लिहिण्याचं धाडस.

वर्गाची वही म्हणजे टाचण नव्हे. टाचण तासाच्या आधी लिहायचं, वही तासानंतर. काय करायचं ठरवलं होतं ते टाचणात असतं, प्रत्यक्षात काय घडलं ते वहीत. भाषेच्या शिक्षकाला तर ही वही सोन्याची खाण आहे, कारण आपला कच्चा माल, म्हणजे मुलांची वाक्यं, रोज फुकट कानावर पडतात आणि संध्याकाळपर्यंत आपण ती विसरतो.

साहेब वाचतील म्हणून लिहिणं

माझी पहिली वही याच कारणाने मेली. तिच्यात 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला', 'अध्ययन निष्पत्ती साध्य झाली' अशी वाक्यं ओळीने आहेत. आज वाचताना हसू येतं. त्या तासाला मागच्या बाकावरची दोघं खिडकीतून ट्रॅक्टर बघत होती, हे मला अजून आठवतं, पण वहीत ते नाही.

सवयच तशी लागते. टाचण, नोंदवह्या, एफए आणि एसएचे (आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे) तक्ते, सगळं कुणाला तरी दाखवायचं असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, आणि ते तास आपण प्रशिक्षणाच्या हजेरीत आणि प्रमाणपत्रात मोजतो. वहीचे तास कुणी मोजत नाही. तेच बरं. सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांना भेट देणारे साहेब, आले तरी ही वही टेबलावर ठेवू नका. दाखवायची म्हटलं की हात आपोआप खोटं लिहायला लागतो.

निकाल आधी, पुरावा नाहीच

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे थोडं थांबते.

दुसऱ्या वहीतली एक नोंद: 'पाचवीचं व्याकरण फार कच्चं. क्रियापदांचा सराव घेणे.' कोण काय बोललं, कुठलं क्रियापद, केव्हा? काही नाही. ही नोंद नाही, वैताग आहे. सराव घेतलाही असेल, पण कशाचा, देव जाणे.

चौथ्या वहीत मी स्वतःला एकच नियम घातला. मूल जे बोललं ते जसंच्या तसं, अक्षरशः, आधी लिहायचं. माझं मत त्याखाली, आणि तेही दुसऱ्या दिवशी. जुलैतल्या एका आठवड्याचं पान असं आहे:

बाई, मी डबा आणलो नाही.
मी काल भाकरी खाल्लो.
आईनं भाकरी दिली.
मी अभ्यास केलो, दादानं केला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपण सगळे असंच बोलतो. पण चौथं वाक्य नीट बघा. एकाच दमात, एकाच मुलीने, एकच क्रियापद दोन तऱ्हेने वापरलं. 'मी केलो', पण 'दादानं केला'. म्हणजे तिला कर्मणी प्रयोग येत नाही असं नाही. दादाच्या बाबतीत तो बरोबर येतो.

मग अडतं कुठे? दोन दिवस पान उघडं ठेवून बसले, तेव्हा दिसलं. 'दादानं'मध्ये 'नं' कानाला ऐकू येतो. 'मी'ला प्रत्यय लागतच नाही. प्रमाण मराठीत मी भाकरी खाल्ली आणि मी भात खाल्ला, क्रियापद भाकरीच्या नि भाताच्या मागे जातं, पण 'मी' बघावा तर 'मी आलो', 'मी गेलो'मधल्यासारखाच उघडा. मुलीने उघड्या 'मी'ला 'आलो-गेलो'चा नियम लावला. तर्क पक्का आहे. शिवाय घरात, गल्लीत, बाजारात तिला हेच रूप ऐकू येतं.

पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एका लेखात हाच फरक मांडला होता. बोलता बोलता जीभ घसरणं वेगळं आणि शिकणाऱ्याच्या मनात तयार झालेल्या नियमातून पुन्हा पुन्हा येणारं रूप वेगळं. पहिल्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. दुसऱ्यातून मूल आत्ता कुठवर आलं आहे ते कळतं. माझ्या 'व्याकरण कच्चं' या शेऱ्यात दोन्ही एकाच पोत्यात भरली होती.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर दोन रकाने केले, 'घरात' आणि 'पेपरात'. घरात मी भाकरी खाल्लो, पेपरात मी भाकरी खाल्ली. एकीने विचारलं, "बाई, मग आजी चुकते काय?" मी म्हटलं, "आजी चुकत नाही, आजीला पेपर लिहायचा नाही." वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं की नुसतं चतुर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वहीत त्या उत्तरापुढे प्रश्नचिन्ह आहे.

कन्नडवर ढकलून मोकळं होणं

इथे माझी एक फजिती. मुलीही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, याचं कारण मी वहीत बेधडक लिहून टाकलं होतं: 'कन्नडचा प्रभाव'. कन्नडमध्ये प्रथम पुरुषात लिंगभेद नाही, 'नानु बंदे' मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. पटण्यासारखं आहे. दसऱ्याच्या सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे गेले, तर मामेबहीण दारातून ओरडली, "थांब, आलो!" तिच्या घरात कन्नडचा एक शब्द कुणाला येत नाही. प्रभाव असेलही, पण तेवढ्या एका कारणावर भागत नाही. आता 'कारण' लिहिताना मी पेन्सिल वापरते.

याची उलट चूक म्हणजे कन्नडकडे बघायचंच नाही. आपल्या मुलांना कन्नड शिकावीच लागते, आणि शेजारच्या वर्गात कन्नड शिकवणाऱ्या टीचरच्या हाती आपल्याला न दिसणाऱ्या चुका लागतात. आमच्या टीचरनी एकदा सांगितलं, "तुमची मुलं पीक आणि डाळ एकच करतात." कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. 'बेळे'तला ए ऱ्हस्व असेल तर पीक, दीर्घ असेल तर डाळ. देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा, म्हणून आपल्या मुलाला तिथे फरक आहे हेच ऐकू येत नाही. आणि कन्नड घरातून आपल्या वर्गात आलेलं मूल 'आपण' आणि 'आम्ही'त गोंधळतं, कारण त्याच्या घरी दोन्हीला 'नावु'. पाहुण्यांसमोर एकजण उभा राहून म्हणाला, "आपण मागे झाडं लावली," आणि पाहुणे बिचारे आपण केव्हा लावली ते आठवत बसले.

त्या टीचरचा आणि माझा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा चहा आता ठरलेला आहे. ती तिच्या वहीतली दोन वाक्यं वाचते, मी माझ्या वहीतली. बाहेर सीमाप्रश्नाचं जे चालायचं ते चालू दे.

पूर्ण वर्ग एका पानात कोंबणं

तीस मुलांबद्दल रोज लिहायला बसलात तर तिसऱ्या दिवशी हात दुखेल. एका वेळी एक मूल, किंवा एक प्रश्न. महिनाभर फक्त 'मी केलो'. किंवा महिनाभर फक्त कधीच हात वर न करणारी ती एक. दहा मिनिटं पुरतात. मी बसची वाट बघताना लिहिते, आणि आमच्या रस्त्याला बसची वाट भरपूर बघायला मिळते.

साहित्यिक होणं

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, गावोगावी साहित्य संमेलनं भरणारा आपला भाग. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, इंदिरा संत बेळगावातच अध्यापक महाविद्यालयात होत्या. साहजिकच शिक्षकाने पेन उचललं की त्याला वाटतं, आपणही काहीतरी भारदस्त लिहावं. मग 'कोवळ्या कळ्यांच्या डोळ्यांतली चमक' येते आणि कळी नेमकं काय म्हणाली ते राहून जातं. कविता वेगळ्या वहीत लिहा. ही वही वाण्याच्या यादीसारखी कोरडी असली तरी चालेल.

नुसतं रडगाणं

एका प्रशिक्षणात दिवसभराचं सगळं साहित्य फक्त कन्नडमध्ये होतं. आम्ही मराठी माध्यमाचे शिक्षक मागे बसून शेजाऱ्याला अर्थ विचारत होतो. त्या रात्री मी वहीत तीन पानं भरून संताप लिहिला. तक्रार खरी होती, आजही आहे. पण महिन्याने बघितलं, तर पुढच्या दहा दिवसांच्या नोंदीही त्याच सुरात: सर्व्हे, निवडणूक ड्युटी, रिकाम्या जागा. त्या दहा दिवसांत एकही मूल वहीत बोललेलं नाही.

आता तक्रारी मी वही उलटी करून मागच्या बाजूने लिहिते. त्यातल्या कामाच्या असतात त्या अर्ज करून संघटनेकडे देते.

नावं लिहिणं, आणि वही टेबलावर विसरणं

ही मला महागात पडली. एका मुलीबद्दल नावानिशी लिहिलं होतं, 'घरी कुणी लक्ष देत नाही.' मधल्या सुट्टीत वही टेबलावर राहिली. तिने ती वाचली. मला काही बोलली नाही, पण पंधरा दिवस प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' याशिवाय उत्तर दिलं नाही. आणि वाक्य खोटंही होतं. तिचा बाप रात्रपाळीला जायचा, आई पहाटे उठून तिची वही बघायची. मी कधी विचारलंच नव्हतं.

आद्याक्षरंही नकोत. गाव लहान असतं, 'गवंड्याची थोरली' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. मी मुलांना झाडांची नावं देते: फणस, जांभूळ, करवंद. यादी फक्त डोक्यात. दुसऱ्या शिक्षकांना वाचून दाखवतानाही हीच नावं. मुलांच्या वह्यांचे फोटो ग्रुपवर टाकायची सवय असेल तर ती आधी सोडा, वरच्या कोपऱ्यात नाव असतंच.

लिहायचं, पण उलटून वाचायचं नाही

डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्ये आर्किटेक्ट, इंजिनियर, मानसोपचारतज्ज्ञ अशा लोकांचं काम बघून विचाराचे दोन प्रकार सांगितले. एक हात चालू असतानाचा, दुसरा हात थांबल्यावरचा. शिक्षकाला पहिला भरपूर येतो. दुसऱ्याला वेळ मिळत नाही, आणि वही नेमकी त्यासाठीच आहे. पण ती पुन्हा उघडली नाही तर नुसती रद्दी साठते.

मी एफएचे गुण भरून झाले की त्याच दिवशी मागची पानं वाचते. हातात रंगीत पेन असतं. तेच वाक्य तिसऱ्यांदा दिसलं की त्याखाली रेघ मारते. वरची 'मी केलो'ची गोष्ट अशाच रेघांतून सापडली. त्या दिवशी एकही नवी ओळ लिहायची नाही.

खंड पडला तर?

पडणारच. एसएसएलसीची, म्हणजे दहावीच्या परीक्षेची, ड्युटी लागते, घरात आजारपण येतं, लग्नसराई असते. चूक खंड पडण्यात नाही. राहिलेले दिवस आठवून आठवून भरून काढायला बसणं ही चूक. आठवून लिहिलेलं वाक्य मुलाचं नसतं, आपलं असतं. मधली पानं कोरी सोडा आणि आजची तारीख घाला.

मागच्या आठवड्यात एकोणीस दिवसांनी वही उघडली. नोंद एवढीच: 'करवंदाने पेपरात मी भाकरी खाल्ली लिहिलं. खोडलं. खाल्लो लिहिलं. तेही खोडलं आणि माझ्याकडे बघितलं.' खाली पेन्सिलीने: 'का खोडलं? उद्या विचारणे.'