एडिंबराच का? फेलोशिपच्या अर्जात या चुका टाळा

"सर, जरा नजर टाका, उद्या शेवटची तारीख आहे." व्हिजिटिंग फेलोशिपचे, म्हणजे परदेशी विद्यापीठात काही महिने राहून संशोधन करण्यासाठीच्या अर्जांचे, मसुदे माझ्याकडे येतात ते असे. मी विचारतो, तिथेच का? उत्तर ठरलेलं: जागतिक दर्जाचं वातावरण, समृद्ध ग्रंथालय, विचारांची देवाणघेवाण. एडिंबरा खोडून टोकियो लिहिलं तरी परिच्छेद तसाच राहतो.

एका हुशार मुलाचा विषय होता 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं जुनं नियतकालिक आणि त्याचा वाचक. अर्ज एडिंबरा विद्यापीठाला, कारण मिशनरी म्हणजे स्कॉटलंड. तसं नातं आहेच. मिशनरी जॉन विल्सन तिथेच शिकला, १८२९ साली मुंबईत आला, त्याच्या नावाचं कॉलेज अजून गिरगाव चौपाटीसमोर उभं आहे. पण 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला काढला तो अमेरिकन मराठी मिशनने, आणि त्यांच्या बोस्टनच्या बोर्डाचं दप्तर आहे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात. चुकीचा समुद्र! मीही तो मसुदा वाचला होता. स्वल्पविराम दुरुस्त करून दिले होते.

नकार आला, दोन ओळींचा. कारण सांगत नाहीतच. महिनाभराने त्यानेच ग्रंथालयांचा कॅटलॉग, म्हणजे कागदपत्रांची सूची, चाळला आणि मला फोन केला. दोघेही थोडा वेळ गप्प.

मग विषय फिरवला. विल्सनने १८३० साली सुरू केलेलं 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' हे नियतकालिक आणि स्कॉटिश मिशनची पत्रं. ही पत्रं एडिंबरातल्याच राष्ट्रीय ग्रंथालयात, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता 'तिथेच का' याला उत्तर होतं. दुसऱ्या खेपेला तो गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी: अर्जाचा पहिला शब्द लिहिण्याआधी कॅटलॉग उघडायचा आणि हव्या त्या कागदांचे क्रमांक वहीत उतरवायचे. पाच क्रमांक सापडले नाहीत तर त्या वर्षी अर्ज करायचा नाही. ते कागद स्कॅन होऊन नेटवर आले असतील तर घरी बसून वाचा, विमानाचं तिकीट वाचेल.

दुसरी चूक म्हणजे तीन महिन्यांत पुस्तक लिहून काढण्याचं वचन. आपल्या या गड्याने रोज चाळीस पत्रं वाचीन असं लिहिलं होतं. तिथे पहिल्याच बंडलात एक पत्र असं निघालं की आडव्या ओळी संपल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवर उभ्या ओळी लिहिलेल्या. कागद आणि टपालखर्च वाचवायची तेव्हाची रीत. नुसती जाळी दिसते. ते एक पत्र लागायला त्याला अडीच दिवस लागले. मोडी न शिकता पेशवे दप्तरावर प्रस्ताव लिहिणारे याच पंथातले. मी रोजची पाच पत्रं धरतो आणि शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेवतो.

पीएचडीचा गोषवारा कापून चिकटवू नका. कळतो.

फेलोशिप म्हणजे पैसे, हा आणखी एक गैरसमज. बऱ्याच ठिकाणी मिळतं ते टेबल, ग्रंथालयाचं कार्ड आणि आठवड्याच्या चर्चासत्रात खुर्ची. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टकडे वेगळा अर्ज करता येतो, पण त्याची तारीख वेगळी असते. दोन्ही तारखा कॅलेंडरवर शेजारी लिहा.

शिफारसपत्र मागायचं तर महिनाभर आधी, सोबत प्रस्तावाचं एक पान जोडून. "सर, मंजूर झालेला एखादा अर्ज पाठवा ना" म्हणणाऱ्यांना मी तो पाठवत नाही. पाठवला की पुढच्या वर्षी त्याच वाक्यांचे चार मसुदे माझ्याकडेच तपासायला येतात.

आणि कॉलेजच्या एनओसीचं, म्हणजे ना-हरकत पत्राचं, काम निवडीनंतर काढू नका. प्राचार्य हो म्हणतात, मग फाइल व्यवस्थापनाकडे जाते, आणि तिथे कोणीतरी विचारतं की तुमचे तास कोण घेणार. ते नाव आधीच ठरवून, त्याची सही घेऊन जा.