ब्रिक्स बघून इव्हॅपोरेटर निवडला तेव्हा

नवीन लागलेल्यांनो, इव्हॅपोरेटरचं, म्हणजे रस-पल्प आटवणाऱ्या यंत्राचं, कोटेशन मागवण्याआधी हे वाचा. तुर्भ्याच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी माझ्याकडे तोतापुरी पल्पचं काम आलं. 14 ब्रिक्सचा (शंभर ग्रॅममध्ये विरघळलेली साखर वगैरे 14 ग्रॅम) 28 करायचा, म्हणजे हजार किलो पल्पातून पाचशे किलो पाणी उडवायचं. मी तीन इफेक्टचा (एका टप्प्याची वाफ पुढच्याला तापवते, असे तीन टप्पे) फॉलिंग फिल्म लावला; त्यात रस उभ्या नळ्यांच्या आतून पातळ थरानं उतरतो. वाफ वाचते, व्हॅक्यूममध्ये 60 अंशांना उकळतं. गाळलेला सफरचंदाचा रस असता तर बरोबरच होतं; तो 70 ब्रिक्सपर्यंत नेतात.

फसलो कुठे, ते सावकाश सांगतो. घट्टपणा मी आत जाणाऱ्या पल्पाचा मोजला, बाहेर येणाऱ्याचा नाही. ब्रिक्समध्ये विरघळलेलंच मोजलं जातं. न विरघळलेला गर आणि रेषा त्यात दिसतच नाहीत. म्हणून 28 ब्रिक्सचा सफरचंद-रस पळतो, तेवढ्याच ब्रिक्सचा आंबा चमच्याला चिकटून बसतो. शिवाय आंबा ढवळला की सैल, सोडला की पुन्हा घट्ट. त्यामुळे घट्टपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरचा एकाच वेगावरचा आकडा घेऊ नका. घेऊच नका! फॉलिंग फिल्ममध्ये गर नळीतून स्वतःच्या वजनानं उतरतो, त्याला ढवळणारं कुणी नसतं. आमच्याकडे वरच्या वाटप-ताटलीच्या भोकांत रेषा अडकल्या, काही नळ्या कोरड्या पडल्या आणि तिथे गर करपला. माल तपकिरी निघाला. ट्रायल डिसेंबरात डब्यातल्या, बारीक जाळीच्या पल्पावर घेतली होती. खरा माल मे महिन्यात आला.

घाबरू नका, नोकरी गेली नाही. शेवटच्या टप्प्याला भिंत खरवडणारा स्क्रेप्ड सरफेस जोडला. वाफ जास्त खातो, महागही पडतो, पण घट्ट पल्पाला तो चालतो. मधला मार्ग म्हणजे पंपानं जोरात फिरवणारा फोर्स्ड सर्क्युलेशन.

जुन्या प्रोजेक्टची एक्सेल शीट देऊन 'फक्त आकडे बदल' म्हणणारे सीनियर मला अजून आवडत नाहीत. माझ्या सरांनी वाफेचा हिशेब घोटून घेतला, पण पल्पात हात घालायला कधी सांगितलं नाही.

ते आईकडून शिकलो. आंब्याचा मावा आटवताना ती उलथनं एक क्षण थांबू देत नाही. आता नवीन चौकशी आली की वाशीच्या मार्केटमधून तोच आंबा आणतो, पातेल्यात निम्मा आटवतो आणि मग व्हेंडरला फोन लावतो. बायको म्हणते, पातेलं तूच घास.