बंद पडलेलं हॉस्पिटल बघायला जाताय? मग मशीनला हात लावण्याआधी हे वाचा

आधी मालकाची परमिशन घ्या, वॉचमनला चहापाणी देऊन आत शिरलात तर ती घुसखोरीच. एकट्याने जायचं नाही, दोन टॉर्च ठेवा, बूट जाड सोलचे कारण सुया कुठेही पडलेल्या असतात, आणि कबुतरांच्या विष्ठेसाठी एन-९५ मास्क.

जुनं पाऱ्याचं बीपी मशीन दिसलं की उचलावंसं वाटतंच, पण नळी फुटली असेल तर पाऱ्याचे चकचकीत थेंब फरशीच्या फटीत लोळत असतात, झाडू मारायला जाऊ नका, सरळ खोलीबाहेर पडा. एक्स-रे मशीनला मात्र लोक उगाच घाबरतात, वीज नाही तर एक्स-रे नाही, विषय संपला. (म्हणून ते उघडू नका हं, ट्यूबभोवतीचं तेल आणि शिसं काही चांगलं नसतं.)

खरा धोका कॅन्सरच्या जुन्या रेडिओथेरपी मशीनचा, त्यातल्या कोबाल्ट-६० किंवा सिझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थांना घातक किरणं सोडायला वीज लागतच नाही. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ मध्ये दोघांनी बंद क्लिनिकमधून असं मशीन भंगारात विकायला काढलं, आतली पावडर अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी घरी नेली, अंगाला चोळली, ४ जण गेले. आपल्याकडे २०१० ला दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला, ते तर युनिव्हर्सिटीच्या लॅबमधलं होतं.

तेव्हा किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह किंवा आकाराच्या मानाने भलतंच जड धातूचं भांडं दिसलं तर फोटोसाठीही जवळ जायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ लावा.